बेचाळीस ट्रक एका ओळीत

एक ट्रक ऐंशीने चाललेला असतो. त्याच्या मागचा ब्याऐंशीने. मागच्याला वाटतं, आपण पुढे जावं. झालं! तो इंडिकेटर लावतो, वेगाच्या लेनमध्ये सावकाश येतो, आणि मग ती दोन धुडं खांद्याला खांदा लावून अशी निघतात, जसे काही लग्नात रुसलेले साडू. दोघांनाही पुढे जायचंय आणि एकमेकांकडे बघायचं मात्र नाही. एकाने दुसऱ्याला मागे टाकायला किती वेळ लागतो? मी मोजलाय. सपाटीवर सव्वादोन मिनिटं. चढावर चार, कधी पाच, आणि दोघेही हट्टाला पेटले तर अख्खा चढ.

तेवढ्या वेळात मागे काय होतं, हे त्या दोघांच्या गावीही नसतं. एकशेदहाने येणारी गाडी ब्रेक मारते. तिच्या मागची जरा जास्त जोरात मारते, कारण तिला उशिरा कळलेलं असतं. तिच्या मागची त्याहून जोरात. असं करत करत तीन किलोमीटर मागे एक माणूस चक्क उभा राहतो. त्याच्या पुढे अपघात नाही, खोदकाम नाही, काही म्हणजे काही नाही. तो काच खाली करून मान बाहेर काढतो आणि सरकारच्या नावाने बोटं मोडतो. पाच मिनिटांनी रस्ता आपोआप सुटतो आणि त्या बिचाऱ्याला जन्मात कळत नाही की आपण का थांबलो होतो. मला कळतं. मी हायवेच्या नियंत्रण कक्षात बसते. माझ्यासमोर बारा पडदे आहेत आणि त्यातले चार एकाच चढाचे. नऊ वर्षं मी हेच बघतेय. डोकं फिरलं नसतं तरच नवल.

चढ नऊ किलोमीटरचा आहे. लेन दोनच. रिकाम्या रस्त्यावर गाडीला तो चढायला सहा मिनिटं लागतात, सकाळी सात ते दहाच्या वेळात एकतीस. एकतीस! भरलेला एक ट्रक बेचाळीसने चढतो, दुसरा चव्वेचाळीसने, आणि चव्वेचाळीसवाल्याला पुढे जायचं असतं. बरं, गेला पुढे. किती वाचले त्याचे? मी गणित केलंय. संपूर्ण चढावर पस्तीस सेकंद. पस्तीस सेकंदांसाठी हा गडी हजार माणसांची सकाळ नासवतो.

म्हणून मी प्रस्ताव लिहिला. सकाळी सात ते दहा, चढावर ट्रकांना ओव्हरटेक बंद. चार पानं. ती चार पानं मंजूर व्हायला चार वर्षं लागली. आमचे मोठे साहेब म्हणजे कुठल्याही कागदाकडे असं बघतात, जणू त्याला खोकला झालाय. पहिल्या वर्षी म्हणाले, "बघू." दुसऱ्या वर्षी म्हणाले, "बघतोय." तिसऱ्या वर्षी त्यांनी फाईल हरवली. चौथ्या वर्षी मी रोज सकाळी त्यांच्या दारात उभी राहायला लागले, तेव्हा वैतागून म्हणाले, "मॅडम, एक मंगळवार देतो. एकच. एकतीसचे वीस करून दाखवा, नियम कायम. वीसच्या वर एक मिनिट गेलं तर फाईल बंद, आणि पुन्हा त्या फायलीचं नाव काढायचं नाही."

एक मंगळवार. चार वर्षांचा हिशेब तीन तासांत लागणार होता.

आता सांगायलाच हवं असं एक. माझे बाबा ट्रक चालवतात. एकतीस वर्षं, त्याच रस्त्यावर, त्याच चढावर, दिवसाला दोन फेऱ्या. आजवर एकही दंड नाही. एकही नाही. त्यांची कंपनी दर पाच वर्षांनी बिनदंडाच्या चालकाला भिंतीवरचं घड्याळ देते. आमच्या घरात सहा घड्याळं आहेत आणि सहाही वेगवेगळी वेळ दाखवतात, पण एकाला हात लावायची सोय नाही. येत्या महिनाअखेरीस ते निवृत्त व्हायचे होते. दोन आठवडे राहिले होते.

मी आई-बाबांकडेच राहते. संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसतो आणि मी माझं पुराण लावते. मिठाची बरणी हा एक ट्रक, पाण्याचा तांब्या हा दुसरा, आणि मागे चमचे म्हणजे गाड्या. "बघा बाबा, हा पुढे निघाला. आता या पहिल्या चमच्याने ब्रेक मारला. सगळं दुखणं त्या ब्रेकमध्ये आहे. ब्रेक लागला की संपलं." आई म्हणते, "अगं, त्या तांब्यातलं पाणी दे आधी." बाबा मान खाली घालून जेवतात आणि ऐकतात. एकदाच म्हणाले होते, "त्या तिसऱ्या वळणावर ना, काय होतं..." मी म्हटलं, "बाबा, वळणाचा प्रश्न नाहीये. यामागे गणित आहे." ते म्हणाले, "बरं," आणि भाजी वाढून घेतली.

मंगळवार उजाडला. पायथ्याशी पाट्या लागल्या. मी साडेसहालाच खुर्चीत. शेजारच्या टेबलावर माझा सहकारी, आमचा दुर्बीण. त्याचा चष्मा इतका जाड आहे की नाव ठेवणाऱ्याला फार विचार करावा लागला नसणार. मोठे साहेब वरच्या मजल्यावरून अधूनमधून खाली डोकावत होते.

सात वाजले. सात दहा. वेगाची लेन लोण्यासारखी चालली होती. गाड्यांना चढ चढायला लागत होती अकरा मिनिटं! अकरा! दुर्बीण टेबलावर थाप मारून म्हणाला, "तुझ्या फोटोला आता हार घालायला लागणार इथे." म्हटलं, "अरे, मेल्यावर घालतात हार." पण मनातून मला उकळ्या फुटत होत्या.

सात वीसला पायथ्याच्या तळावरून ट्रकांची ओळ निघाली. एक, दोन, पाच, दहा. कडेच्या लेनमध्ये, एकामागे एक, इतके चिकटून की मधून कागद सरकवायचा म्हटलं तरी जमणार नाही. दुर्बीण मोजायला लागला. "सत्तावीस, अठ्ठावीस... अगं, काय शिस्त आहे! एकोणचाळीस, चाळीस... बेचाळीस! बेचाळीस ट्रक, आणि एकाचाही इंडिकेटर लागत नाही!"

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षांत असं दृश्य बघितलं नव्हतं. मग मी पहिल्या ट्रकवर कॅमेरा जवळ घेतला. सायीच्या रंगाची केबिन, टपावर दोरीने बांधलेली निळी ताडपत्री. नंबर वाचायची गरजच नव्हती. तो नंबर मला माझ्या वाढदिवसाच्या तारखेसारखा पाठ आहे. सगळ्यात पुढचा ट्रक बाबांचा होता.

आधी मला अभिमान वाटला. हे कबूल करते. चार मिनिटं मला अभिमान वाटला.

मग ती ओळ चौथ्या किलोमीटरला पोचली. तिथे खालच्या वस्तीतून एक जोडरस्ता वर येतो आणि हायवेला मिळतो. सकाळी त्या रस्त्याने तासाला आठशे गाड्या येतात. त्यांना आधी कडेच्या लेनमध्ये शिरावं लागतं. आणि कडेच्या लेनमध्ये होती बेचाळीस ट्रकांची अखंड भिंत, बेचाळीसच्या वेगाने चाललेली. पहिली गाडी थांबली. दुसरी थांबली. बघता बघता जोडरस्ता भरला, रांग खालच्या चौकाकडे निघाली. शेवटी एका निळ्या गाडीवाल्याचा धीर सुटला आणि तो घुसला. जिथे माणूस आडवा होऊन शिरणार नाही, तिथे त्याने गाडी घातली. अठराव्या ट्रकने करकचून ब्रेक मारला. एकोणिसाव्याने मारला. विसाव्याने. चढावर भरलेले पंचवीस ट्रक ठप्प उभे राहिले आणि भरलेला ट्रक चढावर एकदा उभा राहिला की त्याला परत हलवणं म्हणजे झोपलेल्या म्हशीला उठवणं. मागचा एकजण हलताना आडवा सरकला आणि त्याचं ढुंगण वेगाच्या लेनमध्ये आलं. दुसरी लेनही बंद!

"बाबा," मी पडद्याला म्हणाले, "अहो बाबा, काय केलंत हे!"

फोन लावला. ते उचलणार नाहीत हे मला माहीत होतं. चालवताना बाबा फोन उचलत नाहीत, मग जग बुडालं तरी चालेल. सहा घड्याळं उगीच नाही मिळालेली.

दहा वाजता आकडा आला. चढ चढायला सरासरी अठ्ठावन्न मिनिटं. एकतीसचे वीस करणार होते, केले अठ्ठावन्न. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तक्रारींचा फोन इतका वाजत होता की दुर्बीणने शेवटी त्यावर आपला स्वेटर टाकला.

मोठे साहेब खाली आले. मला वाटलं, आता हसणार. पण ते चक्क समजुतीने बोलले, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मॅडम, हा कट आहे," ते म्हणाले. "ट्रकवाल्यांनी तुमची चाचणी मुद्दाम पाडली. बेचाळीस ट्रक असे आपोआप चिकटून चालत नाहीत. कुणीतरी ठरवून केलंय, आणि जो सगळ्यात पुढे होता त्यानेच केलंय." त्यांनी माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. एका पानाचा. एक रकाना कारणाचा, एक रकाना जबाबदार व्यक्तीचा, खाली सही. "मुद्दाम अडथळा केला म्हणून पहिल्या ट्रकचा नंबर घाला. त्याला दंड होईल. मग आजचा दिवस धरायचा नाही, पुढच्या मंगळवारी पुन्हा चाचणी घेऊ. पाच वाजेपर्यंत वर आणून द्या." दारातून वळून म्हणाले, "तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

ते गेल्यावर दुर्बीण हळूच म्हणाला, "तो नंबर..."

"माहीत आहे मला कुणाचा आहे."

"अगं, एक दंडच तर आहे. दोन आठवडे राहिलेत त्यांचे. कोण बघतंय? इकडे तुझी चार वर्षं आहेत."

खोटं कशाला बोलू, मी पेनाचं टोपण काढलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण मला त्या क्षणी ओठांचा इतका राग आला होता की चावायची तयारी होती. आणि मुद्दाम केलं होतं हे तर खरंच होतं ना! बेचाळीस ट्रक आपोआप थोडेच चिकटतात? मग म्हटलं, आधी जाऊन तोंडावर विचारते, मग लिहिते. फॉर्म पिशवीत कोंबला आणि निघाले.

सव्वाबाराला मी तळावर पोचले. सकाळची फेरी करून सगळे परत आले होते. कुणी टायर ठोकून बघत होतं, कुणी पायरीवर बसून डबा खात होतं. मला बघितल्याबरोबर एक मिशीवाला ओरडला, "आली, आली! वस्तादांची लेक आली!" आणि त्या तळावरची पंधरा-वीस माणसं माझ्याकडे असं बघायला लागली, जसं काही मी बक्षीस वाटायला आलेय.

बाबा पुढे आले. तोंडभर हसत. "जमलं ना?"

"बाबा..."

"एकानेही ओळ सोडली नाही. एकानेही! हा मिशीवाला, हा सख्ख्या आईचं ऐकत नाही, हासुद्धा मागे राहिला. पहाटे साडेपाचला सगळ्यांना गोळा केलं मी. म्हटलं, माझ्या लेकीचं काम आहे, आज कुणी पुढे काढायचं नाही."

"बाबा, अठ्ठावन्न मिनिटं लागली लोकांना."

"कशाला?"

"चढ चढायला! एकतीसची अठ्ठावन्न केलीत तुम्ही!"

त्यांचं हसू हळूहळू उतरलं. बाकीची माणसं एकेक करून आपापल्या टायरकडे वळली.

"तो निळ्या गाडीवाला घुसला म्हणून," बाबा म्हणाले. "नाहीतर आम्ही थांबलोच नसतो."

"तो घुसणारच ना! खालून येणाऱ्यांनी जायचं कुठून? दोन ट्रकांत बोटभर जागा ठेवली नाहीत तुम्ही! कोणी सांगितलं होतं असं चिकटून चालायला?"

"तूच."

"मी?"

"तूच रोज जेवताना सांगतेस. सगळं दुखणं ब्रेकमध्ये आहे. आता फट ठेवली की गाडी घुसते. गाडी घुसली की ब्रेक लागतो. ब्रेक लागला की तीन किलोमीटर मागे माणूस उभा राहतो. म्हणून म्हटलं, फटच ठेवायची नाही, म्हणजे ब्रेकच लागणार नाही." ते माझ्याकडे बघत होते, शाळेत बरोबर उत्तर देऊनही छडी खाल्लेल्या पोरासारखे. "चुकलं का ते?"

माझा प्रत्येक शब्द या माणसाने जपून ठेवला होता आणि तो माझ्याच डोक्यात हाणला होता. मग जे तोंडात आलं ते बोलले, आणि ते नेमकं नको तेच होतं. "अहो, पण असं काही करायच्या आधी मला विचारायचं तरी होतं!"

बाबा सहसा चिडत नाहीत. चिडले.

"तू विचारलंस मला?" ते म्हणाले. "नऊ वर्षं पडद्यासमोर बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. ट्रक असे चालतात, ट्रक तसे चालतात. चार वर्षं कागद लिहिलास. मी रोज तुझ्यासमोर जेवायला बसतो ना? काखेत कळसा आणि गावाला वळसा! एकदा तरी म्हणालीस का, बाबा, तुम्ही लोक पुढे का काढता? एकदा?"

नव्हते म्हणाले. चार पानांच्या प्रस्तावात मी अठरा तक्ते घातले होते आणि एकाही ट्रकवाल्याशी बोलले नव्हते. घरातल्यासुद्धा. मला इतकी लाज वाटली की मी ती लपवायला पुन्हा भांडले. पिशवीतून फॉर्म काढून त्यांच्यापुढे नाचवला. "आणि हे बघा! मोठे साहेब म्हणतात कट आहे! तुमचा नंबर घालून सही करायला सांगितलीय. मग चाचणी परत मिळेल."

बाबांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. सावकाश, दोनदा. "मग कर की सही," ते म्हणाले.

"काय?"

"मुद्दामच केलं ना मी? लिही तसं. दंड भरीन. तुझं काम होऊ दे." त्यांनी फॉर्म घडी घालून परत दिला. "आणि आता बाजूला हो. दीडला वरच्या गोदामात माल उतरवायची वेळ मिळालीय. ती चुकली की पुढची वेळ संध्याकाळी सहाची, तोवर फाटकावर उन्हात बसायचं. भांडायचंच असेल तर गाडीत बसून भांड."

मी बसले. इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदा चढले, आणि चढतानाही बाबांना मागून हात द्यावा लागला. वर बसल्यावर आधी कळलं की सगळं जग खाली आहे. छोट्या गाड्यांची टपंच फक्त दिसतात. त्यांचा वेग कळत नाही, चेहरे तर नाहीच नाही. सीट एकसारखी उसळत होती. डिझेलचा आणि जुन्या टॉवेलचा वास होता. घड्याळात बारा सत्तावन्न झाले होते.

पायथ्यालाच आमच्या पुढे एक ट्रक आला. पाइप भरलेला. मागच्या फळीवर लिहिलेलं: सुरक्षित अंतर ठेवा.

"हा कितीने चाललाय?" मी विचारलं.

"बेचाळीस."

"आणि आपण कितीने जाऊ शकतो?"

"चव्वेचाळीस."

मी म्हटलं, "बघा, पस्तीस सेकंदांचाच फरक आहे."

पहिलं वळण आलं. पाइपवाला वळणाला घाबरला आणि पस्तीसवर आला. बाबांनी गिअर खाली घेतला. वळण संपल्यावर पाइपवाला हळूहळू परत उठला, आमचा ट्रक त्याहून हळू. दुसऱ्या वळणावर तो एकतीसवर आला. आम्ही आणखी एक गिअर खाली. इंजिन रडायला लागलं. चौथ्या किलोमीटरला जोडरस्ता आला तेव्हा बाबांनी बोलता बोलता पाय सैल केला आणि पुढे जागा झाली. खालून दोन गाड्या आल्या, सहज शिरल्या आणि निघूनही गेल्या. ब्रेक कुणालाच लागला नाही.

"किती जागा ठेवलीत आत्ता?" मी एकदम विचारलं.

"दोन गाड्या बसतील एवढी."

"नेहमी?"

"फक्त जोडरस्त्यापाशी. बाकी कशाला?" त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. मी चार वर्षं संगणकावर जे शोधत होते ते हा माणूस पायाच्या अंगठ्याने करत होता. आज सकाळी मात्र त्यांनी केलं नव्हतं, कारण माझं ऐकलं होतं.

तिसऱ्या वळणावर पाइपवाला चोवीसवर आला. तिथे चढ एका बाजूला कललेला आणि उभा, दोन्ही आहे. पडद्यावर तो सपाट दिसतो. बाबा म्हणाले, "इथेच सगळा घोळ होतो. मंद माणसाच्या मागे या वळणावर आलं की आपली सगळी ताकद जाते. मग वरपर्यंत चोवीस, सव्वीस, चोवीस. बेचाळीस आणि चव्वेचाळीसचं गणित सरळ चढावर. इथे मागे राहिलात तर पंधरा मिनिटं गेली."

मी घड्याळ बघितलं. एक सात. पुढे त्या फळीवर तेच: सुरक्षित अंतर ठेवा. त्याच्या ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं आणि ते बघून बघून माझ्या डोक्यात तिडीक जायला लागली. बांधता येत नाही का धड? चालवता येत नाही तर येतो कशाला रस्त्यावर? एक दहा. फाटक, ऊन, संध्याकाळचे सहा. चोवीस. तेवीस! त्याचं इंजिन पुन्हा गचके खायला लागलं, पुन्हा आमचा गिअर खाली, आणि मी दोन्ही हात डॅशबोर्डवर आपटून ओरडले:

"अहो बाबा, काढा ना पुढे!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आरशात बघितलं, इंडिकेटर लावला आणि ट्रक सावकाश, अगदी सावकाश, वेगाच्या लेनमध्ये घेतला. आम्ही पाइपवाल्याच्या शेजारी आलो. शेजारीच राहिलो. एक मिनिट. दोन मिनिटं. मागे पहिला हॉर्न वाजला. मग दुसरा. मग एकजण हॉर्नवरचा हात काढेचना. मी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि मागच्या गाडीवाल्यावर खेकसले, "आग लागलीय का कुठे? दोन मिनिटं धीर नाही माणसाला!"

बाबा इतके हसले की त्यांना टॉवेलने डोळे पुसावे लागले. "तेरा मिनिटं," ते म्हणाले. "तेरा मिनिटांत तू ट्रकवाली झालीस."

मला हसू आलं नाही. मी आरशात बघितलं. मागे गाड्यांची रांग खालच्या वळणापर्यंत गेली होती आणि त्यातला प्रत्येकजण बरोबर होता. आम्हीही बरोबर होतो. इतका वैताग मला पडद्यासमोर नऊ वर्षांत एकदाही आला नव्हता.

एक चोवीसला गोदामाच्या फाटकात शिरलो. बाबा खाली उतरून मागचं दार उघडायला गेले. मी केबिनच्या पायरीवर बसून फॉर्म मांडीवर घेतला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ओव्हरटेक बंद करताना जोडरस्त्यापाशी किती अंतर ठेवावं हे हुकुमात सांगितलंच नव्हतं, कारण हुकूम लिहिणारीला ते माहीत नव्हतं आणि तिने कुणाला विचारलं नाही. चालकांनी हुकूम तंतोतंत पाळला. मग जबाबदार व्यक्तीचा रकाना. त्यात माझं नाव घातलं आणि खाली सही केली.

बाबा हात पुसत आले. "काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं. ते ऐकत होते, जेवताना ऐकतात तसेच, मान खाली घालून.

"म्हणजे चाचणी परत नाही?"

"नाही. फाईल बंद."

"चार वर्षं गं?"

"गेली, बाबा."

ते बराच वेळ दाराची कडी उगाच सारखी करत राहिले. मग म्हणाले, "वेडी आहेस. मला एक दंड चालला असता."

"मला नसता चालला," मी म्हटलं.